हेडचे बोल्ट आणि कुरुंद्याची फेरी

उघड्या इंजिनावर धूळ साचते, तसे आमच्या अंगणात किस्से साचत गेले. झाकून ठेवायला हवे होते, पण आता उशीर झाला.

औंढ्याला आमच्या घरासमोर माझी जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती, आणि तिच्याभोवती आम्ही तिघे निवृत्त. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होतो. पीएचडी आहे, पण कुलूप लावलं की अजूनही दोनदा ओढून बघतो. राठोड आयुष्यभर बस चालवून तांड्यावर परतलेले. आणि याकूबभाई, ज्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आता त्यांची मुलं बघतात.

इंजिन तापून हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट गेलं होतं. नवं घालून हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे, एवढंच काम. पण आमच्या घरच्यांनी, म्हणजे कुसुमनं, मुदत दिली होती. "दसऱ्याला सोनं द्यायला मला हिच्यातून कुरुंद्याला माह्या बहिणीकडं न्या, आन् परत आणा. न्हाई जमलं तर एकादशीला भंगारवाल्याला बोलावते!"

भंगारवाल्याचा नंबर तिनं मोबाइलमध्ये टाकूनही ठेवला होता.

*

बोल्ट जास्त आवळला तर तुटतो, कमी आवळला तर गॅस्केट पुन्हा जातं. म्हणून ठरवलेल्या जोराला 'टक्' वाजणारा पाना लागतो, टॉर्क रेंच. हे मी दोघांना नीट समजावून सांगायचं ठरवलं. सवयीनं फरशीवर खडूची आकृती काढली. बल, अंतर, काटकोन, सगळं आलं.

राठोड मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, म्हंजे किती आवळायचं ते बराबर कळतं, एवढंच ना?"

"हो."

"मग तुमची पोरं नापास काहून व्हायची, ते आत्ता समजलं!"

*

राठोडांना रेंच विकत घेणंच मान्य नव्हतं. "माहं मनगटच टॉर्क रेंच हाय सर. आवळता आवळता तोंडातून आपोआप 'हं' निघालं की थांबायचं."

आम्ही शिकंज्यात एक जुना बोल्ट धरून परीक्षा घेतली. राठोडांनी पाना ओढला. 'हं' काही निघालं नाही. 'कट्' निघालं! बोल्टाचे दोन तुकडे.

राठोड तुकड्याकडे बघत म्हणाले, "ह्याच्यात दम नव्हता."

याकूबभाई दुखावले. "अरे राठोड, ये बोल्ट मेरी दुकान का है!"

"तेच म्हणून राहिलो मी!"

*

शेवटी हिंगोलीला दुकानात गेलो. दुकानदारानं तीन रेंच समोर ठेवले. एक लहान, स्पार्क प्लगसारख्या नाजूक कामाचा. एक मधला. आणि एक ट्रकच्या चाकांचा, उसाएवढा लांब.

याकूबभाई म्हणाले, "बडा लेलो सर. बडे में छोटा काम भी हो जाता."

मी म्हटलं, तसं नसतं. मापपट्टीच्या अगदी तळाशी कुठल्याच रेंचवर भरवसा ठेवता येत नाही. आपलं काम पट्टीच्या मध्यावर पडलं पाहिजे. दुकानदारानं मान डोलावून मधला पुढं केला. तेवढ्यात मलाच शंका आली, मग स्पार्क प्लगचं काय? लहान घ्यावा का? दोन्ही घ्यावेत का? आम्ही तसेच परत आलो.

पुन्हा गेलो, पुन्हा परत आलो. पुढच्या वेळी मला लांबून बघूनच दुकानदारानं माझ्यासाठी खुर्ची मागवली.

घरी मोबाइलवर लोकांचे रिव्ह्यू वाचत बसलो होतो. कुसुम म्हणाली, "मला बघायला आलतात तवा पोहे संपायच्या आत व्हय म्हणलात. एका पान्याला एवढा इचार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तेव्हा रिव्ह्यू नव्हते ना."

त्या दिवशी चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं मधला रेंच घेऊन आलो!

*

आता नवीच अडचण. डिझेल इंजिनाशेजारी जन्म घालवल्यामुळे राठोडांना ऐकू कमी येतं. रेंच 'टक्' वाजायचा आणि हे ओढतच राहायचे. याकूबभाई "बज गया! बज गया!" ओरडेपर्यंत माझा जीव वर.

स्वयंपाकघरात कुसुमला वाटलं, पाल चुकचुकतेय. ती दर 'टक्'ला तिच्या खणखणीत आवाजात म्हणायची, "कृष्ण, कृष्ण!"

राठोडांना रेंच ऐकू येत नव्हता, पण कृष्ण बरोब्बर ऐकू येत होता. ते लगेच थांबायचे. मग आम्ही याकूबभाईंना त्या कामातून मोकळं केलं.

मधेच एकदा कुसुम भाजी आणायला गेली. राठोड पाना खाली ठेवून म्हणाले, "वहिनी येऊ द्या. तवर सुट्टी!"

*

काम झालं की रेंचची स्प्रिंग सैल करून ठेवायची असते, नाहीतर माप बिघडतं. पुसेगावला एका लग्नात जेवायला बसलो आणि मला आठवेना, सैल केली की नाही? घास गिळेना. तसाच उठून कुसुमला फोन लावला. मूठ कुठल्या बाजूला किती फिरवायची, सगळं सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "केली सैल. आता मला एक सांगा. मी परवा दवाखान्यात गेलते, तवा काहून फोन नव्हता केला?"

पंगतीत परतलो तर माझ्या पानावर दुसराच कोणीतरी जेवत होता.

*

अष्टमीला सगळे बोल्ट झाले, फक्त सगळे पुन्हा एकदा आवळून बघायचा शेवटचा फेरा राहिला. तो मीच सकाळच्या शांत डोक्यासाठी राखून ठेवला. सकाळी बघतो तर खंडेनवमीच्या पूजेत विळी, कोयता, आणि मधोमध टॉर्क रेंच! हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. पूजेतलं हत्यार त्या दिवशी कोणी उचलत नाही.

मी राठोडांकडे बघितलं. "आमच्या तांड्यावर बी न्हाई उचलत," ते म्हणाले.

मी याकूबभाईंकडे बघितलं. "मेरे को काय कू देख रहे सर? भाभी ने फूल रख दिया, अब मेरी बी हिंमत नई!"

दसऱ्याला उजाडताच पूजा हलवली आणि कुंकू लागलेल्या हातांनी शेवटचा फेरा पुरा केला. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! राठोडांनी बॉनेटवर आपट्याचं पान ठेवलं. कुसुम नवं लुगडं नेसून आली आणि खुशाल माझ्या शेजारी बसली. एवढा विश्वास!

कुरुंद्यापर्यंत माझी अर्धी नजर तापमानाच्या काट्यावर आणि अर्धी आरशात. कारण औंढा सोडल्यापासून एक ऑटो आमच्या मागं लागला होता. मी बाजूला घेऊन हात दाखवला, जा बाबा पुढं. तोही बाजूला थांबला. मी हळू केली, त्यानं हळू केली. काटा मात्र जागचा हलला नाही.

मेहुणीच्या दारात गाडी लावली. ऑटोही थांबला. ड्रायव्हर उतरला, मला नमस्कार केला आणि कुसुमला विचारलं,

"मावशी, परतीला बी असंच मागं मागं येऊ का?"