उघड्या डोळ्यांचे उस्ताद

नेम धरताना उस्ताद कधीच डोळा मिटत नसत. उजवा डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीत आणि डावा सताड उघडा. आम्हा पोलिसांना लांब पल्ल्याची नेमबाजी शिकवणारे ते हवालदार. त्यांचं नाव कुणी घेत नसे; शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणायचं. नगरबाहेरच्या माळावर पालथं पडून आम्ही डावा डोळा गच्च मिटला, की त्यांची काठी बुटाला लागायची. "येक डोळा मिटल्यावर शेजारून कोन येतंय ते कसं दिसंल?"

त्या दुर्बिणीत नेम धरायच्या फुलीखाली बारीक आडव्या रेघा असतात. गोळी जितकी लांब जाते तितकी खाली येते. म्हणून लांबच्या निशाणावर फुली न धरता खालची रेघ धरायची, म्हणजे नळी आपोआप तेवढी वर उचलली जाते. मला हे काही केल्या उमगत नव्हतं. उस्तादांनी पाण्याच्या टँकरचा पाइप माझ्या हातात दिला. "त्या बाभळीच्या बुडाशी पानी पाड." मी पाइप सरळ बाभळीकडे धरला; धार अलीकडेच वाकून पडली. पाइप जरा उचलला, तेव्हा पोचली. "झालं. गोळी बी अशीच वाकती. किती उचलायचं, तेवढंच रेघ सांगती."

रेघांवर भिस्त मात्र ठेवू देत नसत. "ह्या येका गोळीपुरत्या कोरल्यात. गोळी बदलली, की पुन्हा मारून बघायचं." वाऱ्याचं तर रेघांना काहीच कळत नाही. त्यासाठी ते गवत किती झुकतंय ते बघत बसत.

एका सकाळी सराव चालू असताना कार्यालयातला शिपाई आला आणि त्यांच्या कानाशी काही बोलला. उस्तादांनी फायर बंद करायला लावलं. प्रत्येकाच्या रायफलीपाशी वाकून ती रिकामी झाल्याची खात्री केली. मग म्हणाले, "मला राहात्याला जायला लागंल. आमचा थोरला गेला. मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर धडकली." आवाज रोजचाच होता.

तेरावा उरकून ते परत आले. "उस्ताद, अजून रजा घ्यायची होती," मी म्हणालो.

"घरी समदी रडत्यात. मला रडू यीना. तितं बसून काय करू?"

शिकवणं सुरू झालं, पण काठी उठेना. आम्ही डोळा मिटला तरी बोलत नसत. मग एकदा दाखवण्यासाठी ते स्वतः आडवे झाले. बराच वेळ दुर्बिणीत बघत राहिले. शेवटी रायफल रिकामी करून माझ्याकडे दिली. "तू मार."

"काय झालं?"

"रेघा दिसत्यात. समदं दिसतंय. बोट वढंना."

थोड्याच दिवसांत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

गेल्या हिवाळ्यात शिर्डीच्या बंदोबस्ताहून येताना मी राहात्याला थांबलो. उस्ताद पेरूच्या बागेत बाजेवर बसले होते. पोपट पेरू फोडत होते आणि ते बघत होते. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा आणला. "दिसभर असंच. पाखरं बी हाकलत न्हाईत."

आता वर्ग मीच घेतो, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी निघालो तेव्हा ते उठले, पिशवी घेतली आणि एकेक पेरू चाचपून तोडू लागले. खूप वेळ लावला. "पोरान्ला दे."

फाटकापर्यंत काकू आल्या. हळूच म्हणाल्या, "थोरला गेल्यापास्नं झाडाला हात लावला नव्हता."

दुसऱ्या दिवशी माळावर मी पेरू वाटले. नव्या तुकडीतल्या कुणीच उस्तादांना पाहिलेलं नव्हतं. पेरू कुणी दिले, असं पोरांनी विचारलं.

"उस्तादांनी."

"उस्ताद तर तुम्ही," एकजण म्हणाला.

मी त्याच्या हातात आणखी एक पेरू ठेवला.