ढिगाचा ताप आणि रंगनाथ मुकादम

रंगनाथ मुकादम गेल्याची बातमी आली तेव्हा मी जेवताना त्यालाच शिव्या घालत होतो... म्हणजे रोजचंच काम चाललं होतं. आमची मंडळी वाढता वाढता म्हणाली, "आता तरी थांबा. सकाळीच गेले ते." मी पाण्याचा घोट घेतला आणि उरलेल्या दोन शिव्या पुऱ्या केल्या. महिना झाला, राग अजून उतरत नाही.

आमच्या गावच्या नगरपालिकेचा कचऱ्याचा ढीग माझ्या बांधाला लागून, आणि हा त्याच्यावरचा मुकादम. ढीग कुजत कुजत पोटातून असा तापे, की थंडीत निम्म्या तालुक्याची कुत्री तिथं निजायला येत, आणि माझी कोंबडी तिथं अंडं घाली ते उकडूनच हाती लागे. रंगनाथ रोज सकाळी लोखंडी पहार ढिगात खुपसायचा, एक बिडी संपेपर्यंत ठेवायचा, मग उपसून गालाला लावायचा... भाच्याचा पापा घ्यावा तशी. मग माझ्याकडं बघून ओरडायचा, "ताप चढलाय, बापू. तुमची कडब्याची गंजी हलवा हितनं."

"तुमचा ढीग हलवा. गंजी माझ्या बापाच्या रानात हाय."

दुष्काळाच्या उन्हाळ्यात त्या गंजीवरच माझी बैलजोडी तगून होती. दुसरीकडं वैरणीची काडी मिळत नव्हती. एका दुपारी ढिगातून धूर निघाला. रंगनाथानं पहार उपसली, पण गालाला लावली नाही. तिच्यावर थुंकला, आणि थुंकी चर्रकन उडाली. मला न विचारता गडी घेऊन तो बांध ओलांडून आला, आणि ढीग नि गंजी यांच्या मधोमध, माझ्या लसूणघासातून, चर खणायला लागला. जिल्ह्यात तेवढाच हिरवा तुकडा उरलेला, विमानातून दिसत असणार. मी काठी घेऊन धावलो.

"मुकादम, भाईर व्हा."

"घास पायजे का बैलं? लवकर बोला."

"दोन्ही."

"मग काठी टाका आन फावडं घ्या."

घेतलं. शिव्या देत देत खणलं. दिवस मावळायच्या आत ढिगाची कूस फुटली, लालभडक निखारे घरंगळत आले आणि चरात अडकले. आम्ही वरून माती लोटली. गंजीची एक काडी जळली नाही.

घाम पुसत तो म्हणाला, "आता च्या तरी पाजा."

"आधी घास उगवून द्या."

पहार खांद्यावर टाकून निघून गेला. पुढं आमचं बोलणं म्हणजे बांधावरून शिव्याच...

बैलं जगली. यंदा घास पुन्हा माजलाय, मधला चर मात्र तसाच. परवा थोरला पोरगा तो बुजवायला निघाला. मी त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे. ज्यानं खणलाय त्यानं येऊन बुजवावा."