बाई सांगायच्या तो सिनेमा

सेलेस्तीनबाईंनी ज्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाची वीस वर्षं वाट पाहिली, तो एकदाचा कुडाळच्या थिएटरला लागला. तेव्हा बाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांना सिनेमाला कोणी न्यायचं यावरून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांत जुंपली होती. शर्मिला जिंकली, कारण ती बाईंच्या शेजारीच राहायची. विनीतला बरोबर घ्यावं लागलं, कारण गाडी त्याची होती.

निवृत्त शिक्षिकेला सिनेमाला नेण्यात भांडण्यासारखं काय आहे, हे त्यांच्या मालवणजवळच्या वाडीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्यासाठी दोन हजार चार सालच्या चौथीच्या वर्गात बसलेलं असायला हवं.

शाळा दोन खोल्यांची होती. बाई महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी एकट्या कुडाळला जाऊन सिनेमा बघायच्या आणि पुढच्या शनिवारी कवायत झाली की तो मुलांना सांगायच्या. बाईंचं सांगणं म्हणजे खिडक्या लावून घेतल्या जायच्या, टेबलाची बोट व्हायची, फूटपट्टीचं वल्हं व्हायचं, आणि वारा बाईंच्या तोंडातून यायचा. त्या वर्षीचा सिनेमा परदेशी होता, हिंदीत बोलणारा. नकाशे काढणारी एक तरुण मुलगी हरवलेल्या बापाला शोधायला उत्तरेच्या समुद्रात जाते, जिथे पाणी गोठून दगड होतं.

समुद्र गोठतो, हेच आधी मुलांच्या डोक्यात शिरेना. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी होडी होती.

"बाई, पाणी हलणाच नाय?"

"हलणा नाय."

"मगे मासे खंय जातत?"

"खाली. वर छप्पर, खाली मासे," बाई म्हणाल्या, आणि एकोणीस पोरं वर कौलांकडे बघायला लागली.

मार्चचा उकाडा होता. खिडक्या बंद, अंगाला सदरे चिकटलेले, आणि विनीतचे दात वाजत होते. ते आपण मुद्दाम वाजवले, असं विनीत आता सांगतो. शर्मिलाने मात्र त्या दिवशी स्वतःच्या हातावर उभे राहिलेले काटे पाहिले होते. शेवटी बर्फ फुटतो. मुलीला आणि तिच्या बापाला वाचवायला म्हातारा नावाडी कमरेला दोर बांधून पलीकडच्या तुकड्यावर उभा राहतो. ती दोघं सुटतात आणि तो तिथेच राहतो. दूर जाणाऱ्या बोटीला तो ओरडून सांगतो, "तुमी जावा. मी हयसर आसंय. परत येतलात तेव्हा हाक मारा."

सिनेमा हिंदीतला आणि नावाडी मालवणी बोलतो, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक चौथीने हा सिनेमा ऐकला. बाई निवृत्त झाल्या तरी शनिवार सुटला नाही. आता मुलं बाईंच्या घरापुढच्या सिमेंटच्या बाकांवर येऊन बसत, आणि त्यांत शर्मिलाची सात वर्षांची संचिताही असे. मधल्या काळात कित्येकांनी तो सिनेमा टीव्हीवर पाहिला. कोणालाच नावाड्याचा तो प्रसंग दिसला नाही, तेव्हा विनीतने निकाल दिला, "टीव्हीवाले जाहिरातींसाठी शेवट कापतत." सगळ्यांना पटलं.

तर त्याचा हा दुसरा भाग. थिएटरात बाई ताठ बसल्या होत्या. पडद्यावरची नकाशेवाली आता म्हातारी झाली होती, एका गुडघ्यातून लंगडत होती आणि पुन्हा उत्तरेला निघाली होती. धुक्यात कुठे माणसाची आकृती दिसली की बाई शर्मिलाचं मनगट घट्ट धरत. "आता येतलो बघ." ती आकृती दुसऱ्याच कोणाची निघे. मध्यंतर झालं, चहा झाला, पुन्हा अंधार झाला. शेवटी पडद्यावर नावं वर सरकायला लागली तेव्हा शर्मिलाच्या मनगटावर चार नखांच्या खुणा होत्या आणि नावाडी आला नव्हता.

"बाई, ह्येंनी आपल्या म्हाताऱ्याक इसारल्यानी," विनीत म्हणाला.

बाईंना हसू आलं नाही. "वीस वर्सा तो थंय उभो आसा, आणि ह्येंका त्येची याद पण नाय?" एवढं म्हणून त्या गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्मिलाने त्यांची समजूत काढायला म्हणून फोनवर पहिला भाग शोधून लावला. न कापलेला, पूर्ण. नंतर तिला वाटलं, हे केलं नसतं तर बरं झालं असतं. सिनेमातला नावाडी तरणाबांड होता. त्याने मुलीला किनाऱ्यावर सोडलं, टोपी हलवली आणि होडी वळवून तो निघून गेला. काम सगळं मिळून मिनिटभराचं. शेवटी बर्फ फुटला खरा, पण मुलगी आणि बाप आपापल्या पायांनी पळून सुटले. कोणी दोर बांधला नाही. कोणी मागे राहिलं नाही.

"कापलेला आसा?" बाईंनी विचारलं.

"नाय बाई. पुरो आसा."

बाईंनी फोन पालथा ठेवला. त्या म्हणाल्या, "एलिनाचा असाच सुरू झाला."

एलिना ही बाईंची थोरली बहीण. वास्कोला लेकीकडे असते आणि त्या लेकीला आपल्या कधीच्या वारलेल्या मावशीच्या नावाने हाक मारते. तिच्या आजाराची सुरुवात विसरण्याने झालीच नव्हती. कधी न घडलेल्या गोष्टी ती रंगवून सांगायला लागली होती.

त्या शनिवारी बाईंचं दार बंद होतं. मुलं थोडा वेळ बाकांवर पाय हलवत बसली आणि परतली. पुढच्या शनिवारीही तेच. शर्मिला काळजी करण्यात पटाईत होतीच. संचिता दोनदा शिंकली तरी ती कपाळाला हात लावून बघायची. आता ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंच्या दाराकडे बघत राहायची. दिवे लागले का, दूध आत घेतलं का. सांगणं बंद झालेल्या सेलेस्तीनबाई तिला कल्पनेतही दिसत नव्हत्या, आणि समोर तर त्या तशाच दिसत होत्या, हातात झाडू घेऊन झाडायचं विसरलेल्या.

एका संध्याकाळी बाईच कागद घेऊन आल्या. "ह्या तपासून दी."

कागदावर चौथीच्या त्या वर्गाचा हजेरीपट होता, आठवणीतून लिहिलेला. शर्मिलाने एकेक नाव बोट ठेवून वाचलं. एकोणीसच्या एकोणीस मुलं, अनुक्रमाने, आडनावांसकट. दिवाळीनंतर रेडीला मामाकडे गेलेला विसावा मुलगासुद्धा त्यात होता, आणि त्याच्यापुढे 'नाव कमी' असंही लिहिलेलं होतं.

"एक पण चुकूक नाय, बाई."

"मगे तो नावाडी खंयसून येलो?"

शर्मिलाला त्या कागदामुळेच धीर आला. इतकं लख्ख आठवणारी बाई एक अख्खा शेवट कसा चुकेल? तिने बाईंना खुर्ची दिली आणि पोरांना विचारावं तसं एकेक विचारत गेली. सिनेमा किती वाजताचा होता? तीनचा. वेळेवर सुरू झाला? नाही, वीज गेली होती, तासभर सगळे बाहेर चिंचेखाली उभे होते. सुटल्यावर बाहेर आलात तेव्हा काय दिसलं?

"गाडी लागलेली."

"खंयची?"

"आपली. वस्तीची. पावणेसाताची." वाडीत रात्री मुक्कामाला येणारी ती एकच एसटी. ती चुकली तर बाईंना कुडाळच्या स्टँडवर रात्र काढावी लागली असती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चारला सुरू झालेला तीन तासांचा सिनेमा पावणेसातला संपत नाही.

"बर्फ फुटल्याचो आवाज झालो," बाई हळूहळू म्हणाल्या, "आणि मी उठलंय. दारात आसताना मागे लोक शिट्ये मारी होते. माका वळान बघूक येळ नाय होतो. गाडीत माका एकच घोर. पोरा शनिवारी इचारतली, मगे काय झाला. वाटेत कट्टा गाव येवच्या आधी तो म्हातारो दोर बांधून उभो रवलो."

आपलं डोकं ठिकाणावर आहे हे कळल्यावर बाईंना सुटल्यासारखं वाटलं असणार. पण ते सुटणं एक चहाभर टिकलं. कप खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "म्हणजे वीस वर्सा मी पोरांका खोटा सांगितलंय. आणि सांगान सांगान माकाच ता खरा वाटाक लागला. आता खंयच्या तोंडान त्येंच्यासमोर उभी रवू?"

शर्मिलाला एवढंच सुचलं, "बाई, दुसरो भाग परत बघूया. कोणाची वाट न बघता."

"काय बघूचा त्येच्यात?"

"माका ठाऊक नाय. माझा पण लक्ष तुमच्याकडेच होता."

सिनेमा उतरायच्या बेतात होता. मंगळवारी दुपारी बाराच्या खेळाला सगळी मिळून आठ माणसं, त्यांतली चार हीच. विनीत गाडी घेऊन आला होता आणि आपण एसीत झोपणार असल्याचं त्याने आधीच जाहीर केलं होतं. संचिताने हट्टाने मधली खुर्ची पकडली. शर्मिलाने तिच्यासाठी स्वेटर, पाण्याची बाटली आणि उलटीची पिशवी आणली होती.

या वेळी शर्मिलाने कोणाला शोधलं नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा सिनेमा सुटकेचा नव्हताच. त्यात खलनायक नव्हता, पळापळ नव्हती. ज्या समुद्राचं आपल्या घरावर इतकी वर्षं सावट होतं, तो एकदा नीट बघून यावा, एवढ्यासाठी एक म्हातारी लंगडत निघाली होती. गेल्या खेपेला हे सगळं कंटाळवाणं वाटलं होतं. आता तिच्या प्रत्येक पावलाखाली बर्फ कुरकुरला की शर्मिलाचे पाय खुर्चीखाली आपोआप आखडत.

मग तो प्रसंग आला. बर्फाच्या मैदानावर म्हातारी एकटी. वारा पडलेला. संगीतसुद्धा थांबलेलं. ती कष्टाने गुडघे टेकते, आडवी होते आणि टोपी सरकवून कान बर्फाला लावते. थिएटरात एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. काहीच घडत नव्हतं, आणि ते इतका वेळ घडत नव्हतं की शर्मिलाने श्वास रोखून धरला. आणि मग खालून, फार खालून, एक आवाज आला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणीतरी हुंकार भरावा तसा. तो कानांच्या आधी छातीत पोचला. हळूहळू पडद्यावरचं दृश्य बर्फाखाली उतरलं. वर हिरवट उजेडाचं छप्पर, जिकडे बघावं तिकडे, आणि त्याखालून देवमासे चालले होते. देवळाएवढे. घाई नसलेले. एक गेला, त्यामागून दुसरा, त्याच्या पोटाशी पिल्लू. आणि अगदी वर, छपरापलीकडे, कान लावून पडलेल्या म्हातारीचा ठिपका.

संचिता कधी मांडीवर येऊन बसली, शर्मिलाला कळलं नाही. तिला थंडी वाजते का, हे बघायचंही राहिलं. बाई पुढे वाकल्या होत्या, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, तोंड किंचित उघडं. चौथीतल्या मुलांची तोंडं असायची तसं.

विनीत जागा होता. तो तारकर्लीला पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेतो. पाणी त्याला नवीन नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, खाली अशीच शांतता आसता. रोज जातंय मी. पण असा कधी बघूक नाय."

बाहेर ऊन रणरणत होतं. चौघं गाडीपाशी नुसती उभी राहिली, दार कोणी उघडेना.

"ह्या माका दिसलाच नाय होता," बाई म्हणाल्या. "इतक्या मोठ्या समोर होता, आणि माका दिसला नाय."

त्या शनिवारी दार उघडं होतं. मुलं बसली, मागे तीन-चार मोठी माणसंही उभी राहिली. बाईंनी आधी कबुली दिली. पहिल्या भागाचा शेवट त्यांनी पाहिला नव्हता, दोर आणि नावाडी सगळं त्यांच्या मनचं. बोलताना त्यांनी साडीचा पदर बोटाला गुंडाळला होता. शर्मिलाला त्यांच्याकडे बघवेना.

बाकावरचा एक मुलगा विचार करून म्हणाला, "म्हणजे सिनेमावाल्यांका ता सुचूकच नाय?"

"आणि मी टीव्हीवाल्यांका फुकट गाळी घातलंय," विनीत मागून पुटपुटला.

बाईंच्या बोटावरचा पदर सुटला. "आता दुसरो भाग," त्या म्हणाल्या. "ह्येच्यात माझा काय आयला तर मी हात वर करीन. नाय केलंय तर ता सिनेमातला."

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि बर्फापर्यंत येईतो एकदाही हात वर केला नाही. तिथे त्या थांबल्या. खुर्चीचा आधार घेऊन त्यांनी गुडघे टेकले आणि अंगणातल्या लाल कोब्यावर आडव्या होऊन कान जमिनीला लावला. मुलं एकेक करून बाकांवरून उतरली आणि तशीच पसरली.

शर्मिला खरं तर संचिताला जेवायला न्यायला आली होती. कोबा गार असेल, पोरीला पडसं होईल, असं तिच्या तोंडावर आलं. तेवढ्यात संचिताने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. घरी गॅस बंद केला होता की नाही, हे शर्मिलाला आठवेना. तिने चपला काढल्या, मुलांमध्ये जागा करून घेतली आणि कान टेकला. आधी काहीच नव्हतं. मग बाईंच्या छातीतून निघालेला तो हुंकार जमिनीतून तिच्यापर्यंत आला, आणि तिच्या हातावर काटा उभा राहिला.