कड्याखालचा किनारा

ग्रीसमधल्या त्या बेटावर आमचा शेवटचा दिवस होता आणि दोनपैकी एकच किनारा बघून होणार होता. हॉटेलसमोर मऊ वाळू होती, छत्र्या होत्या, गुडघाभर संथ पाणी होतं. दुसरा किनारा कड्याखाली होता आणि तिथे उतरायला नुसती दगडांची वाट होती. त्या वाटेने पांढऱ्या केसांची एक बाई चपला हातात धरून, एकेक दगड पायाने चाचपत उतरत होती. माझी थोरली बहीण वरून तिच्याकडे बघत राहिली. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं.

"ताई, आपण समोरच बसू या," मी म्हटलं.

"तू बस. मी खाली जाणार," असं म्हणून तिने ओढणी कमरेला बांधली.

मी मागोमाग निघाले. वाटेत ती दोनदा टेकली, पण माझा हात काही तिने धरला नाही. वय झालं की घरचे आपल्यासाठी सोपा किनारा ठरवून टाकतात, तोही मायेनेच. त्या मायेला नाही म्हणायला गुडघ्यापेक्षा मनाचं बळ जास्त लागत असावं.

खाली पाणी गार होतं आणि लगेच खोल होत होतं. ताई छातीभर पाण्यात शिरली.

"परत चढायचंय," मी काठावरून म्हटलं.

"चढू की," ती म्हणाली आणि पाय उचलून पोहायला लागली.