ठमाबाईंचा राणीछाप रुपया

राजुरीच्या ठमाबाईंनी एकोणतीस वर्षं गावातली बाळंतपणं केली. किती केली ते त्यांनी कधी मोजलं नाही. पण गावातला बाप्या माणूस भेटला की त्या आधी त्याच्या डोक्याकडे बघायच्या. "आलं का आकाराला! जन्मलास तवा दुधी भोपळ्यावानी व्हतं." मग तो ग्रामपंचायतीचा सदस्य असो की बँकेतला साहेब, चारचौघांत डोकं चाचपत उभा राहायचा.

त्यांच्याकडे सासूकडून आलेला एक चांदीचा राणीछाप रुपया होता. सासूही सुईणच. बाळ झालं की नाळ त्या रुपयावर धरायची आणि पात्यानं कापायची, ही तिची रीत. ठमाबाईंनीही बरीच वर्षं तीच चालवली. पुढे आरोग्य केंद्रात सुईणींचं प्रशिक्षण झालं, तिथल्या नर्सबाईंनी नाण्यावर कापणं बंद करायला सांगितलं. ठमाबाईंनी ऐकलं, पण रुपया काही घरी ठेवला नाही. कळा वाढल्या की त्या तो बाईच्या मुठीत द्यायच्या. "आवळ! राणीला काय व्हत न्हाई, आवळ!"

नव्वदनंतर बायका नारायणगावच्या दवाखान्यांत जाऊ लागल्या आणि ठमाबाईंचं काम थांबलं. रुपयाचं थांबलं नाही. दिवस भरलेल्या पोरी दवाखान्यात निघताना त्यांच्या दारात जीप थांबवायच्या, रुपया मागून न्यायच्या आणि बारशाला परत आणून द्यायच्या.

२००६च्या उन्हाळ्यात नातीच्या, श्रेयाच्या, लग्नासाठी जोडवी घ्यायला ठमाबाई नारायणगावात जवरीलाल शेठच्या सराफी दुकानात गेल्या. शेठनं आधी बरीच वर्षं राजुरीत किराणा दुकान चालवलं होतं, त्यामुळे ओळख जुनी. त्यांच्या मुलाला, अंकितला, जुन्या नाण्यांचा नाद. चंचीतून नोटा काढताना रुपया काउंटरवर घरंगळला. अंकितनं तो उचलला, डोळ्याला भिंग लावलं आणि जोडवी दाखवायचंच विसरला.

"आजी, या सालचे रुपये फार कमी सापडतात. हा ग्रेडिंगला पाठवू या."

"कुटं?"

"अमेरिकेला. मुंबईत त्यांचा माणूस आहे. ते खरा-खोटा तपासतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. फी मी भरतो."

ठमाबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आपल्या चंचीतल्या वस्तूला थेट अमेरिकेतून मार्क पडणार, हे त्यांना फार आवडलं. "इचार करून सांगते," म्हणत त्या उठल्या, पण परतीच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईला त्यांनी सांगूनही टाकलं, "आमचा रुपया परीक्षेला बसतोय."

मुलगा चांगदेव म्हणाला, "धाड की आई. काय किमतीचा हाय ते तरी कळंल." शेजारची प्रयागबाई मात्र बिथरली. तिची सून सातव्या महिन्यात होती.

"आन् माझ्या सुनंला पायजे असला तर? डबीसकट आवळायची का तिनं?"

ठमाबाईंना हे पटलं. पण मार्कांचा मोहही सुटेना. आठ दिवस घोळ घालून शेवटी त्या पुन्हा नारायणगावला गेल्या.

त्या दिवशी शेठच्या पत्नी उगमबाई जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. अंकित फॉर्म भरायला बसला. भरता भरता एका रकान्यापाशी थांबला.

"नाण्यातले दोष. एका बाजूवर कापल्याच्या रेघा, असं लिहितो."

"लिव्ह की. मंग मार्क किती पडतील?"

अंकित जरा चाचरला. "खरं सांगू, आजी? बहुतेक मार्क देणारच नाहीत. नाणं खरं आहे एवढं लिहितील. आणि खाली लिहितील, खराब केलेलं."

"कुनी खराब केलेलं?"

"तसं नाही, त्यांची पद्धत असते..."

"माझ्या हातनं एक नाळ पिकली न्हाई आजवर," ठमाबाई उसळल्या. "आन् ही अमेरिका मला सांगती खराब केलं?"

उगमबाई डबा ठेवून पुढे आल्या. "अंकित, तू जन्मलास कुठं?"

"राजुरीला."

"राजुरीत कुठं? किराणा दुकानामागं, तेलाच्या डब्यांपाशी. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना. ठमाबाई आल्या म्हणून निभावलं. तुझे पप्पा बाहेर साखर तोलत होते."

"रडणं ऐकलं आणि हात सुटला," गादीवरून जवरीलाल शेठ म्हणाले. "किलोच्या जागी दीड किलो गेली."

अंकितनं पुन्हा भिंग लावलं, मग ते बाजूला ठेवलं. "आजी, यातली माझी रेघ कुठली?"

ठमाबाईंनी चष्माही शोधला नाही. रुपयावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "ही. राणीच्या कानामागची, वाकडी. लई वळवळत व्हतास तू."

अंकितनं पेनाला टोपण लावलं. तरी प्रामाणिकपणे म्हणाला, "साल खरंच दुर्मीळ आहे. तुमची इच्छा असेल तर अजूनही पाठवू."

ठमाबाईंचा राग तोवर उतरला होता. त्यांनी रुपया तळहातावर दोनदा उलटासुलटा केला. "न्हाई धाडत. रागानं म्हनत न्हाई. डबीत गेल्यावर प्रयागीच्या सुनंला काय देऊ?" मग हळूच म्हणाल्या, "पर मार्क पडलं असतं तर मजा आली असती, राव."

अंकितनं फॉर्म फाडला आणि कॅमेरा आणला. रुपयाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले, ताटाएवढे मोठे करून गादीमागच्या भिंतीवर लावले. प्रयागबाईच्या सुनेला दोन महिन्यांनी मुलगी झाली. सून रुपया इतका गच्च धरून होती, की तो मुठीतून सोडवायला नर्सला खटपट करावी लागली.

बारशाआधी बाळाचे वाळे घ्यायला प्रयागबाई आणि ठमाबाई त्याच दुकानात आल्या. फोटो बघून प्रयागबाईनं मधल्या मोठ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माझ्या लेकाची, सूरजची!"

"न्हाई गं. ती माझ्या सासूच्या हातची. सूरजची ती खालची, बारीक."

"एवढा धिप्पाड गडी, आन् त्याची रेघ बारीक?"

"जन्मला तवा सव्वादोन किलोचा व्हता तो!"

प्रयागबाई काही केल्या ऐकेना. शेठनं दोघींना खुर्च्या दिल्या, उगमबाईंनी चहा आणला. वाळे पसंत झाले, पिशवीत गेले, तरी रेघेचं काही ठरलं नाही. अंकितनं फोटोवर नावं लिहायचा बेत केला होता, तो त्यानं मुकाट्यानं सोडून दिला.