कुलूपकाकांचा एकमेव विश्वासू

कुलूपकाकांचा जगात कुणावर भरवसा नव्हता. दाराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, मग बायकोला ओढायला लावत, आणि तिने नीट ओढलं की नाही या शंकेने पुन्हा स्वतः ओढत. रक्त तपासायच्या लॅबमधले पाच कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होते. विश्वास फक्त अँटीव्हायरसवर. त्याच्याबरोबर आलेला ‘सुरक्षित ब्राउझर’ तर त्यांना जावयासारखा लाडका. बाकीचे सगळे ब्राउझर त्यांनी पाचही मशीनवरून काढून टाकले होते.

सोमवारी एका पेशंटला निनावी ईमेल आला: तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. काकांनी नोंदी तपासल्या. फायली शनिवारी दुपारी रिसेप्शनवरच्या ताईंच्या मशीनमधून बाहेर गेल्या होत्या. काका भर हॉलमध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले.

“शनिवारी जेवणाच्या सुट्टीत काय बघत होतात?”

“स्वेटरचे नमुने.”

“या उकाड्यात?”

“सुनेला चौथा लागलाय, काका. बाळ थंडीत येणार. तुमच्या परवानगीने.”

उत्तर फारच तयार होतं, असं काकांना वाटलं. मग तीन दिवस पाळत. ताई पाणी प्यायला उठल्या, संशय. उठल्या नाहीत, जास्तच संशय. गुरुवारी लॅबच्या मालकीण डॉक्टरबाई म्हणाल्या, “चारपर्यंत अहवाल द्या. ताईच असतील, तर उद्यापासून त्या नकोत.”

दुपारी अहवाल टाइप करून, छापून काकांनी पुरावा भक्कम करायला अँटीव्हायरस कंपनीची वेबसाइट उघडली. तिथे सूचना होती: सुरक्षित ब्राउझरमध्ये दोष सापडला आहे, एखादं लबाड पान नुसतं उघडलं, तरी ते कॉम्प्युटरमधल्या फायली काढून नेऊ शकतं.

काकांना आधी त्या सूचनेचाच संशय आला. कंपनीला दोनदा फोन केला. तरी पटेना. मग एका रिकाम्या मशीनवर आमिष म्हणून एकच फाइल ठेवली, स्वतःच्या साखरेचा रिपोर्ट, जो त्यांनी बायकोपासूनही लपवला होता. ताईंचं स्वेटरचं पान उघडलं. मिनिटाभरात रिपोर्ट बाहेर गेल्याची नोंद पडली.

काकांनी पाचही मशीनच्या इंटरनेटच्या वायरी उपटल्या, अहवाल फाडला आणि चारच्या आत डॉक्टरबाईंचं दार वाजवलं.

“बाई, कुंपणानेच शेत खाल्लं.”

“आणि कुंपण कुणी लावलं होतं?”

“मीच.”

“मग मला काय सांगताय? ताईंकडे जा.”

ताई सुईत दोरा ओवावा तशा एकाग्र होऊन पावती लिहीत होत्या. काका काउंटरवर वाकून कुजबुजले, “ताई, चूक माझी झाली.”

“ऐकू नाही आलं.”

“म्हटलं, चूक माझी.”

“विचारलंत तेव्हा हॉलभर ऐकू गेलं होतं, काका.”

काका सरळ उभे राहिले, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले: ताईंचा काही दोष नाही, भोक मी बसवलेल्या ब्राउझरमध्ये होतं. ताईंनी पावती फाडून समोरच्याला दिली आणि पहिल्यांदाच काकांकडे बघितलं. “बसा आता.”

बाकावरचे एक आजोबा मात्र उठले. “अहो, मग माझा रिपोर्ट कुठे आहे?”

“शोधतोय, आजोबा,” काका म्हणाले. “पण गेलाच नाही, अशी खात्री मी देणार नाही.”