संजनाताईंचा गुरुवार

संजना कोळी मूळच्या उरणच्या. वडील मासेमारी करायचे, आई टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची, आणि बारावीच्या पुढे शिकलेली ही घरातली पहिली मुलगी. नर्सिंगचा कोर्स झाल्यावर त्या पनवेलमधल्या एका लहान प्रसूतिगृहात लागल्या आणि तिथे चौदा वर्षं टिकल्या. नवरा दिनानाथ बंदरात क्रेन चालवायचा. संसार ठीक चालला होता. नोकरी सोडायचं काही कारण नव्हतं.

कारण घडलं ते असं. त्या प्रसूतिगृहात प्रत्येक बाळाला पहिलं दूध पावडरीचंच द्यायची पद्धत होती. आई दमलेली असते, तिला झोपू द्या, असं डॉक्टर म्हणायचे. घरी जाताना प्रत्येकीच्या हातात एक डबाही दिला जायचा. एका वर्षी पळस्प्याकडच्या वीटभट्टीवरची एक बाई चार महिन्यांचं मूल घेऊन परत आली. पुढे विकत घेतलेला डबाही संपत आला होता, अंगावरचं दूध आटलं होतं, म्हणून ती बाटलीभर पाण्यात एक चमचा पावडर घालून पाजत होती. पाणी भट्टीवरच्या टाकीतलं. तिसऱ्या दिवशी ते मूल गेलं.

"पहिला डबा मीच तिच्या हातात दिला होता," संजनाताईंनी मला पुढे खूप वर्षांनी सांगितलं. चादरींच्या घड्या घालत होत्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. त्या महिन्याअखेर त्यांनी नोकरी सोडली.

मग गुरुवार सुरू झाले. पनवेलमध्येच एका तळ्यामागे महिला मंडळाची खोली होती, ती त्यांनी दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच मागून घेतली. चटया, उशा, पाण्याचा माठ, दाराला जाड पडदा. ज्या आईला बाळाला पाजायला जमत नाही तिने यावं, इतकंच. मी माझ्या दुसऱ्या मुलाच्या वेळी गेले, तेव्हा स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या आणि पाजायची वेळ आली की मला रडू फुटायचं. ताईंनी मला उपदेश केला नाही. पाठीमागे उशी लावली, माझे खांदे खाली दाबले आणि म्हणाल्या, "तू बाळाकडे वाकतेस. वाकू नकोस, त्याला तुझ्याकडे आण." एवढ्यानं अर्धं दुखणं गेलं. माझ्यासारख्या तीसेक जणी त्या खोलीत येत-जात होत्या. कुणाच्या सासूला फोन करून समजावायचं, कुणाच्या नवऱ्याला बोलावून चार शब्द ऐकवायचे, हेही ताईच करायच्या.

सोमवारी त्या पळस्प्याच्या भट्ट्यांवर जायच्या. तिथूनच चिंगी आली. कातकऱ्यांची पोर, जेमतेम वीस वर्षांची, नवरा काळू भट्टीवर विटा पाडायचा. तिची मुलगी सोनम जन्मली तेव्हा दीड किलोची होती. ताईंनी तिला बाळ छातीशी बांधून ठेवायला शिकवलं, दूध काढून चमच्याने पाजायला शिकवलं, आणि चार महिन्यांत पोर अशी बाळसेदार झाली की बघत राहावं. वजन करायला म्हणून चिंगी गुरुवारी खोलीत यायला लागली. दारापाशी बसायची. ती बसली की आसपासच्या चटया थोड्या सरकायच्या. माझी चटई मी सरकवली नाही, पण तिच्याजवळही नेली नाही.

इरा आली ती फेब्रुवारीत. नव्या टॉवरमध्ये राहणारी, आयटीतली, बाळ पंचवीस दिवसांचं. तिची सासू अरुंधतीबाई निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्याच महिला मंडळाच्या अध्यक्ष. इराच्या छातीत गाठ धरली होती आणि ती कुणाला सांगत नव्हती. त्या गुरुवारी खोलीत आल्या आल्या तिला हुडहुडी भरली. ताईंनी हात लावून पाहिलं आणि रिक्षा बोलावली. गळू झालं होतं, त्याच दिवशी कापावं लागणार होतं. बाळाला दवाखान्याच्या गर्दीत कुठे नेणार म्हणून ते माझ्याकडे ठेवून दोघी गेल्या.

अरुंधतीबाई ठाण्याला लग्नाला गेल्या होत्या. निरोप मिळताच निघाल्या, पण वाटेत अडकल्या. तासाभराने बाळ उठलं आणि रडायला लागलं. दीड तास झाला. चमच्याने पाणी लावून पाहिलं, थुंकून टाकलं. दुसरीच्या बाळाला पाजायचं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. रडून रडून त्याचा आवाज बसला, मग ते नुसतंच तोंड उघडायला लागलं. दाराशी बसलेली चिंगी उठून माझ्याजवळ आली.

"मना देवा," ती बाळासाठी हात पुढे करत म्हणाली. "माजं भरून आलंय. सोनम प्यायली, तरी हाय."

मी ताईंना फोन लावला. हातात बाळ, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. चिंगी काय म्हणतेय ते सांगितलं. दुसरीचं दूध असं तपासणीशिवाय पाजायचं नसतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ताई म्हणाल्या की चिंगीचं गरोदरपणातलं कार्ड त्यांनी स्वतः पाहिलंय, सगळ्या रक्ततपासण्या नीट आहेत, पण आईला विचारल्याशिवाय नाही. त्यांनी इराला विचारलं. मला इराचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"द्या. प्लीज, द्या तिला."

चिंगीने बाळ घेतलं. पाच मिनिटांत खोली शांत झाली.

अरुंधतीबाईंना हे दोन दिवसांनी कळलं. कुणी सांगितलं, ठाऊक नाही. त्यांनी आधी बाळाचं रक्त तपासून घेतलं, मग मंडळाची बैठक बोलावली. गुरुवारी येणाऱ्या आम्हा पाच-सहा जणींनाही बोलावलं होतं. अरुंधतीबाई ओरडल्या नाहीत. शाळेत नोटीस वाचावी तशा बोलल्या. कुठून येतात या बायका, काय खातात, काय पितात, कुणाला माहीत. आईच्या परवानगीशिवाय हा प्रकार झाला.

ताई म्हणाल्या, "परवानगी घेतली होती. इराला विचारा."

इरा बँडेज बांधलेल्या छातीवर ओढणी धरून बसली होती. तिने सासूकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मला ताप होता," ती म्हणाली. "मला काही आठवत नाहीये."

मी तिथेच होते. बोलले नाही. माझ्या मोठ्या मुलीचा प्रवेश ज्या शाळेत व्हायचा होता, तिथे अरुंधतीबाईंचा शब्द चालायचा. हे कारण मी स्वतःला नंतर सांगितलं. त्या क्षणी तर मला कारणही लागलं नव्हतं, नुसती जीभ हलली नाही.

ताईंनी चिंगीचं कार्ड पुढे ठेवलं. ही सरकारी कार्डं कुणीही कशीही भरतं, असं अरुंधतीबाई म्हणाल्या. त्या बाईची नव्याने तपासणी करा, चांगल्या लॅबमध्ये, नाहीतर खोली बंद.

ताईंनी तीन दिवस विचार केला. खोली गेली तर तीस बायका कुठे जातील, असा तो विचार. आणि चौथ्या दिवशी त्यांनी आयुष्यातलं दुसरं मोठं चुकीचं काम केलं. पळस्प्याला जाऊन चिंगीला म्हणाल्या, चल, तुझ्या तब्येतीसाठी रक्त तपासून घेऊ. चिंगी खूश झाली. धुतलेलं पातळ नेसून निघाली. लॅबमध्ये पहिल्यांदा शीर सापडली नाही, दुसऱ्या हाताला टोचावं लागलं, तरी हसत होती. रिपोर्ट हातात आल्यावर ताईंनी तिच्यासमोरच अरुंधतीबाईंना फोन लावला आणि सांगितलं, सगळं निगेटिव्ह आहे, बाळाला काही धोका नाही.

चिंगी अडाणी होती, बावळट नव्हती.

"त्या पोराला पाजलं म्हनून का?" तिने विचारलं.

"हो."

"तो माज्या सोनमच्या वाटचं प्यायला. त्याच्या आयचं रगत कोनी तपासलं?"

ताईंनी रिक्षाला हात केला. सोनमही तिथेच होती, चिंगीच्या कडेवर. चिंगी रिक्षात बसली नाही. हायवेच्या कडेने चालत गेली.

खोली वाचली. मंडळाने नवा नियम केला की यापुढे येणाऱ्या प्रत्येक आईने पत्त्याचा पुरावा जोडून फॉर्म भरायचा. भट्टीवरच्या झोपडीला पत्ता नसतो. त्या नियमाखाली ताईंची सही आहे. सोमवारी त्या पळस्प्याला जात राहिल्या, पण चिंगी विटांच्या साच्यावरून मान वर करायची नाही. मग इतर बायकाही बाळं दाखवायला आणेनाशा झाल्या. ताई वजनकाटा घेऊन उन्हात उभ्या राहायच्या आणि तासाभराने परत यायच्या. मे महिन्यात भट्टी बंद झाली, माणसं आपापल्या डोंगराकडे गेली.

ऑगस्टमध्ये स्तनपान सप्ताहात मंडळाने ताईंचा सत्कार ठेवला. इराने निवेदन केलं, छान बोलली. ताईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मी एका आईशी खोटं बोलले आहे. तिचं नाव चिंगी. ती इथे येऊ शकत नाही, कारण तसा नियम आहे आणि तो मीही मान्य केला." पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं असं वाटलं असावं. मग सगळ्यांनीच वाजवल्या. ताईंनी शाल खुर्चीवर ठेवली, खोलीची किल्ली अरुंधतीबाईंपुढे ठेवली आणि निघून गेल्या. त्यांना अहंकार झाला, असं नंतर लोक म्हणाले. गुरुवार आता इरा चालवते. तिथे चहा-बिस्किटं असतात, फोटो निघतात. ज्यांना भेगा पडतात त्या दवाखान्यात जातात.

गेल्या डिसेंबरात ताई मला मासळी बाजारात भेटल्या. केस बरेच पिकले होते. इकडचं तिकडचं झालं आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. इरा हो म्हणाली, ते मी ऐकलं होतं."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"मग बैठकीत माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर तू बोलली असतीस?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. भट्ट्या पुन्हा सुरू झाल्यात, असं म्हणाल्या. चिंगीच्या झोपडीत या वर्षी दुसरंच कुटुंब आहे. तिथल्या बाईच्या मांडीवर महिन्याचं मूल होतं आणि शेजारी बाटली. ताईंनी जवळ जाऊन विचारलं तर ती म्हणाली, शहरातल्या बायका रगत काढून नेतात, असं ऐकलंय, तुमी जा. ताईंनी चिंगीची चौकशी केली, पण तिच्या नवऱ्याचं, काळूचं गाव कुठलं, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही.

कोळणीने बोंबील कापून पिशवीत घातले. ताईंनी पिशवी घेतली, माझ्या मुलांची चौकशी केली, आणि मुलीला कुठल्या शाळेत घातलं ते विचारलं. मी त्याच शाळेचं नाव सांगितलं. त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि गर्दीतून वाट काढत निघाल्या.